इवाकुनीचा पूल आणि माजघरांतील तसबीर

हिरोशिमाहून सकाळच्या आगगाडीनें निघालें म्हणजे तासाभराच्या आंत इवाकुनी हें गांव येतें. वाटेंत डाव्या हातास समुद्राचा शांत फांटा दिसत राहतो, त्यांत मियाजिमा बेटाचा गर्द डोंगर उभा असतो, आणि उजव्या हातास टेंकड्या रुळांच्या अगदीं जवळ आलेल्या असतात. स्टेशनावर उतरून मोटारगाडीनें आणखी वीस मिनिटें गेलें कीं निशिकी नदीचा कांठ लागतो. गेल्या कार्तिकांत एके सकाळीं मी त्या कांठावर उभा राहिलों आणि समोर दृष्टि जातांच तोंडून शब्द निघाले, "अरे, हा तर आपला पूल!" बरोबर माझा पुतण्या होता, तो हंसला.

वाचकहो, तो हंसला यांत नवल नाहीं. सातां समुद्रांपलीकडील पुलास 'आपला' म्हणणारा म्हातारा पाहून कोणासही हंसूं येईल. परंतु माझें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. हा पूल आमच्या वाईच्या घरीं, माजघराच्या उत्तरेकडील भिंतीवर, साठ वर्षें टांगलेला आहे.

माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीस होते. इ. स. १९६४ च्या सुमारास कोबे बंदरांतील एका जुन्या सामानाच्या दुकानांतून त्यांनीं एक रंगीत चित्र विकत घेतलें आणि त्या वर्षीं भाऊबिजेस मातोश्रींच्या ओवाळणींत घातलें. पाण्यावर लाकडी कमानींची रांग, पलीकडे डोंगर, एका कोपऱ्यांत तांबड्या पट्टीवर उभीं अक्षरें, असें तें चित्र. तसबिरीच्या पाठीमागें दुकानदारानें इंग्रजी अक्षरांत 'हिरोशिगे' एवढाच शब्द लिहिला होता. मी तेव्हां चार-पांच वर्षांचा होतों. पुढें शाळेंत मास्तर झाल्यावर ह्या चित्राविषयीं मुलांना सांगण्याचा मला छंदच जडला. थोर चित्रकार हिरोशिगे याचा जन्म इ. स. १७९७ मध्यें एदो नगरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, झाला. त्याच्या दोन चित्रांच्या प्रती व्हान गॉग ह्या जगद्विख्यात चित्रकारानें १८८७ मध्यें तैलरंगांत काढल्या. आणि त्याच हिरोशिगेच्या हातचें चित्र आपल्या वाईंत आहे, हें मीं तीस वर्षें प्रत्येक तुकडीस सांगितलें. त्यांतील पहिलीं दोन विधानें खरीं आहेत. तिसऱ्याची हकीकत पुढें सांगावयाची आहे.

चित्राची चौकशी करण्याचा प्रसंग घराच्या छपरामुळें आला. आमचें घर जुनें आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत मागील सोप्याचे वासे कुजले आणि माजघराच्या एका कोपऱ्यांत पाणी ठिबकूं लागलें. दुरुस्तीचा अंदाज ऐकून थोरले बंधू व मी दोघेही गप्प बसलों. अशांत मुंबईचे एक संग्राहक गृहस्थ ओळखीच्या माणसाबरोबर घरीं आले. त्यांनीं चित्रावरील सही जपानी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून वाचवून घेतली आणि सारें छप्पर नवें होईल एवढी रक्कम देऊं केली. बंधूंचें मन वळलें, माझेंही वळलें. वहिनी मात्र म्हणाल्या, "भावोजी, ती सासूबाईंची ओवाळणी आहे. विकायची तर विका, पण आपण काय विकतों आहोंत तें तरी आधीं नीट समजून घ्या." पुतण्या हिरोशिमास मोटारींच्या कारखान्यांत अभियंता आहे आणि त्याचें बोलावणें बरेच दिवसांचें होतें. तेव्हां चित्राचीं छायाचित्रें बरोबर घेऊन मी निघालों. मूळ चित्र घरींच ठेविलें. शंभर वर्षांहून जुनी वस्तु देशाबाहेर नेण्यास कायद्याची आडकाठी आहे.

प्रथम तोक्योस उतरलों. पुतण्या मला नेण्यास तेथवर आला होता. त्या शहरांत कांदा-जिम्बोचो म्हणून एक वस्ती आहे. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकाची दसपट कल्पना करावी, म्हणजे तिचें रूप कांहींसें ध्यानांत येईल. जुन्या पुस्तकांचीं शंभराहून अधिक दुकानें तेथें आहेत आणि त्यांतील कांहीं ठिकाणीं जुनीं ठशांचीं चित्रेंही मिळतात. अशाच एका दुकानांत सत्तरीच्या पुढील एका गृहस्थांनीं आम्हांस बसावयास दिलें, चहा पुढें केला, आणि मगच छायाचित्र हातांत घेतलें. पुतण्या दुभाष्या झाला.

त्यांनीं पहिलाच प्रश्न मला केला. "चित्रकार कोण, असें आपण विचारतां, पण अशा चित्राला चार बाप असतात, हें आपणांस ठाऊक आहे ना?" मला तें ठाऊक नव्हतें. त्यांनीं समजावून सांगितलें, तें असें. प्रकाशक चित्राची कल्पना व भांडवल पुरवितो. चित्रकार पातळ कागदावर शाईनें रेखाटन करतो. खोदकाम करणारा तो कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषेरेषेनें लांकूड कोरतो. मूळ रेखाटन त्यांतच नष्ट होतें. मग प्रत्येक रंगासाठीं निराळी फळी कोरली जाते, आणि छापणारा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद एकामागून एक अशा सर्व फळ्यांवर ठेवून, बांबूच्या पानांत गुंडाळलेल्या चकतीनें पाठीमागून घांसतो. कागद केंसभरही सरकूं नये म्हणून प्रत्येक फळीवर दोन खुणा कोरलेल्या असतात. आकाशांतील निळा रंग वरून खालीं विरत जातो तो छापणाऱ्याच्या हातचा, चित्रकाराच्या नव्हे. अशा पूर्ण रंगीत चित्रांची सुरुवात इ. स. १७६५ मध्यें झाली आणि त्यांस 'निशिकी-ए', म्हणजे किनखाबी चित्र, असें नांव पडलें. इतक्या रंगांचा मेळ पाहून लोकांस जरीच्या वस्त्राची आठवण झाली असावी. पैठणी पाहिलेल्या आमच्या वाचकभगिनींस हें नांव पटेल.

मग त्यांनीं भिंग घेतलें. सहीवर ते क्षणभरही थांबले नाहींत. "सही हिरोशिगेची आहे, यांत शंका नाहीं. पण हिरोशिगे एकाहून अधिक झाले. कोणता, हा प्रश्न आहे."

येथें माझ्या पोटांत प्रथम धस्स झालें.

हा पूल तिघां मोठ्या चित्रकारांनीं काढलेला आहे, असें ते म्हणाले. होकुसाईनें देशोदेशींच्या पुलांच्या मालिकेंत तो काढला, परंतु तें चित्र आडवें आहे. पहिल्या हिरोशिगेनें १८५३ ते १८५६ या काळांत साठांवर प्रांतांतील प्रसिद्ध स्थळांची मालिका केली, तींतही इवाकुनीचा हा पूल आहे, आणि तें चित्र आमच्याप्रमाणेंच उभें आहे. त्यांनीं एका ग्रंथांतून तें काढून दाखविलें. माझा जीव किंचित् खालीं पडला. परंतु लगेच त्यांनीं आमच्या चित्राच्या तांबड्या पट्टीवर बोट ठेविलें. "ही अक्षरें त्या मालिकेचीं नव्हत. येथें 'प्रांतोप्रांतींच्या प्रसिद्ध स्थळांचीं शंभर दृश्यें' असें लिहिलें आहे. ही मालिका दुसऱ्याची." साठ वर्षें जीं अक्षरें आम्ही केवळ शोभा म्हणून पाहत होतों, तीं पुस्तकाच्या मुखपृष्ठाप्रमाणें सर्व कांहीं सांगत होतीं.

"खात्री करावयाची तर कडा पाहिल्या पाहिजेत," असें त्यांनीं सुचविलें. परंतु आमच्या तसबिरींत कडा दिसत नव्हत्या. कांचेच्या आंत पुठ्ठ्याची चौकट घालून त्या झांकलेल्या होत्या. पुतण्यानें तेथूनच घरीं दूरध्वनि लाविला. जपानांत दुपार होती, वाईस सकाळ. थोरल्या बंधूंनीं खुंटीवरून तसबीर उतरविली, वहिनींनीं स्वच्छ पंचा पसरला, आणि गंजलेले खिळे एकेक करून निघूं लागले. अर्धा तास आम्ही तिघे त्या दुकानांत न बोलतां बसून होतों. अखेर नवें छायाचित्र आलें. पुठ्ठ्याखालीं पांढरी पट्टी शाबूत होती आणि तिच्यावर एक लहानसा गोल शिक्का होता.

त्या काळीं एदो शहरांत सरकारी तपासणीवांचून चित्र छापतां येत नसे, आणि तपासणीचा शिक्का चित्रावरच उमटवीत. कोणत्या वर्षीं कोणत्या प्रकारचा शिक्का असे, हें आतां अभ्यासकांनीं निश्चित केलें आहे. १८५३ ते १८५७ पर्यंत 'तपासलें' हा एक शिक्का आणि वर्ष-महिन्याचा दुसरा, असे दोन असत. १८५८ मध्यें केवळ वर्ष-महिन्याचा एकच असे. १८५९ पासून दोन्ही मजकूर एकाच गोल शिक्क्यांत येऊं लागला. आमच्या चित्रावर एकच शिक्का होता आणि त्यांत 'तपासलें' या अर्थाच्या अक्षराजवळ मेंढ्याचें चिन्ह होतें.

जपानी कालगणनेंत बारा प्राण्यांचें चक्र आहे, आणि साठ वर्षांचें मोठें चक्र आपल्या प्रभवादि संवत्सरांसारखेंच आहे. म्हणून माझ्यांतील मास्तर जागा झाला आणि मीं शंका काढली, "मेंढ्याचें वर्ष दर बारा वर्षांनीं यावयाचें. मग हें १८४७ चें कशावरून नव्हे?" पहिला हिरोशिगे तेव्हां जिवंत होता, ही आशा त्या प्रश्नाच्या आड होती, हें आज कबूल करितों. त्या वृद्धांनीं मान डोलाविली. प्रश्न त्यांस आवडला असावा. १८४७ मध्यें वर्षाचा शिक्का घालण्याची वहिवाटच नव्हती, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नांवाचा शिक्का असे. पुढील मेंढ्याचें वर्ष १८७१. परंतु ही मालिका त्याच्या कित्येक वर्षें आधींच छापून झालेली होती. राहिलें तें १८५९. आणि पहिला हिरोशिगे तर १८५८ च्या शरदृतूंत, एदोंत पटकीची सांथ चालू असतां, वारला होता. दुसऱ्या कडेस प्रकाशक उओया एइकिची याचा शिक्का निघाला. गुरूची 'एदोचीं शंभर दृश्यें' ही शेवटची मोठी मालिका त्यानेंच काढली होती. गुरु गेल्यावर त्यानें शिष्यास नवी मालिका दिली.

झालें! मालिकेचें नांव, तपासणीचा शिक्का आणि प्रकाशकाचा शिक्का, या तिन्ही साक्षी एकमेकींशीं जुळल्या. मीं तीस वर्षें मुलांना जें सांगितलें, तें चुकीचें होतें.

मग हा दुसरा हिरोशिगे कोण? त्याचा जन्म १८२६ चा. गुरूच्या घरीं तो शिकला, आणि गुरूनें त्यास शिगेनोबु हें नांव दिलें. गुरु वारल्यावर घरची कन्या ओतात्सु हिच्याशीं त्याचा विवाह झाला आणि हिरोशिगे हें नांव त्याजकडे आलें. आपल्याकडे दत्तक घेतात किंवा घरजांवई करितात, आणि घराण्याचें नांव पुढें चालवितात, तशांतलाच हा प्रकार. गुरूच्या शंभर दृश्यांच्या मालिकेंत १८५९ मध्यें त्यानें एक चित्र भर म्हणून घातलें. संध्याकाळच्या पावसाचें तें चित्र आज गुरूच्या चित्रांच्या बरोबरीनें पाहिलें जातें. परंतु १८६५ मध्यें तो विवाह मोडला. त्याबरोबर घरही गेलें आणि नांवही गेलें. तो योकोहामा बंदरीं जाऊन राहिला, रिश्शो असें नवें नांव घेतलें, आणि परदेशीं जाणाऱ्या चहाच्या पेट्यांवर चिकटविण्याचीं चित्रें काढून त्यानें पोट भरलें. लोक त्यास 'चहाच्या पेटीचा हिरोशिगे' म्हणूं लागले. १८६९ मध्यें तो वारला. ओतात्सुचा पुनर्विवाह दुसऱ्या एका शिष्याशीं झाला, आणि हिरोशिगे हें नांव त्याजकडे गेलें. तो तिसरा.

ही हकीकत डोक्यांत घोळवीत मी हिरोशिमास आलों आणि तेथून इवाकुनीस. आतां पुन्हां त्या पुलाकडे वळतों.

ह्या पुलाचें नांव 'किंताइक्यो', म्हणजे किनखाबी कमरपट्ट्याचा पूल. गंमत अशी कीं, त्यांतील 'किन', नदीच्या नांवांतील 'निशिकी', आणि किनखाबी चित्रांतील 'निशिकी' हीं तिन्ही एकाच अक्षरानें लिहितात. उच्चार तेवढा बदलतो. पूल सुमारें १९३ मीटर लांब व पांच मीटर रुंद आहे. पांच कमानी, त्यांपैकीं मधल्या तीन प्रत्येकी ३५ मीटरांच्या आणि पात्रांत दुसरा कसलाही टेंकू न घेतां एका दगडी खांबावरून दुसऱ्यावर झेंप घेणाऱ्या. पाणी ओसरलेल्या बाजूनें आम्ही पात्रांत उतरलों आणि कमानीखालीं उभे राहून वर पाहिलें. तुळईवर तुळई थोडी थोडी पुढें सरकवीत, लोखंडी पट्ट्यांनीं व कांट्यांनीं आवळीत ती कमान रचलेली आहे. आमच्या सोप्याचे कुजके वासे आठवून मी बराच वेळ मान वर करून राहिलों.

येथील सरदार किक्कावा हिरोयोशी याचे पूर्वींचे पूल पुरांत वारंवार वाहून जात. एका चिनी भिक्षूकडील ग्रंथांत पश्चिम सरोवराचें चित्र होतें. त्यांत लहान लहान बेटांवरून पूल गेलेले पाहून, नदींतच दगडी बेटें उभारून त्यांवर कमानी टाकण्याची युक्ति सुचली, असें सांगतात. पूल १६७३ मध्यें बांधला. पुढल्याच वर्षीं तो वाहून गेला, आणि त्याच वर्षीं खांबांचे पाये बळकट करून पुन्हां उभारला. मग मात्र तो २७६ वर्षें टिकला. टिकला याचा अर्थ, ठराविक वर्षांनीं त्याच्या कमानींचें लांकूड नवें घालीत गेले आणि प्रत्येक पिढीच्या सुतारांनीं पुढल्या पिढीस तें काम हातानें शिकविलें. १९५० च्या सप्टेंबरांतील तुफानांत तो वाहून गेला. १९५३ मध्यें पुन्हां उभा राहिला. आणि २००१ ते २००४ या काळांत त्याचें सर्व लांकूडकाम पुन्हां नवें केलें. आज जो मीं पाहिला, त्यांतील एकही तुळई दुसऱ्या हिरोशिगेच्या काळची नाहीं. तरीही त्यास किंताई पूल म्हणण्यास कोणी कचरत नाहीं.

पलीकडल्या कांठावर उद्यान आहे, आणि डोंगरावर किल्ला. मूळचा १६०८ चा किल्ला सात वर्षांत पाडावा लागला; हल्लींची इमारत १९६२ ची आहे. ह्या गांवीं पांढऱ्या शुभ्र सापांची एक जात जपून ठेविलेली आहे. लोक त्यांस बेन्झाइतेन देवीचे दूत मानतात. ही बेन्झाइतेन म्हणजेच आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरानें तिला नमस्कार केल्यावांचून कसें यावें? दुपारीं येथील प्रसिद्ध कमळकाकडीची भाजी व भात घेऊन आम्ही पुलाच्या पायरीशीं बसलों.

तेथें पुतण्यानें मनांतलें बोलून टाकिलें. "काका, रागावूं नका. सही हिरोशिगेचीच आहे ना? त्या गृहस्थांनीं सहीच वाचून किंमत सांगितली. आपण त्यांना 'हिरोशिगेचें चित्र' असें म्हटलें तर त्यांत एक शब्दही खोटा नाहीं. आणि बाबांना ह्या वयांत कर्ज काढावें लागणार नाहीं."

मी रागावलों नाहीं, कारण तोच विचार तोक्योपासून माझ्याही मनांत डोकावत होता. परंतु अश्वत्थाम्याच्या प्रसंगीं धर्मराजानें अर्धें सत्य मोठ्यानें व अर्धें हळू उच्चारलें आणि त्याचा रथ जमिनीस टेंकला, ही कथा मींच किती मुलांना सांगितली होती! शिवाय दुसरी एक गोष्ट मनास लागली. ज्या माणसाचें नांव जिवंतपणींच काढून घेतलें गेलें, त्याच्या हातचें एक चांगलें काम आमच्या घरीं आहे. आणि आम्ही तें दुसऱ्याच्या नांवावर विकून छप्पर घालावयाचें, हें बरें दिसत नव्हतें. मीं पुतण्यास एवढेंच म्हटलें, "बाळ, छप्पर आपलें आहे, तें आपण घालूं. नांव त्याचें आहे, तें त्याला देऊं." तो कांहीं बोलला नाहीं, पण थोड्या वेळानें पाठपिशवींतून कागद काढून त्यानेंच माझ्यापुढें ठेविला. त्या पायरीवर बसून मीं मुंबईच्या गृहस्थांस पत्र लिहिलें आणि तिन्ही साक्षी क्रमवार मांडल्या.

परत आल्यावर त्यांचें उत्तर आलेलें होतें. मोठ्या सौजन्यानें त्यांनीं आभार मानले आणि पहिल्या मानानें फारच थोडी रक्कम देऊं केली. बंधूंनीं पत्र दोनदां वाचलें, घडी घातली, आणि म्हणाले, "मग राहूं दे तें इथेंच." आवाजांत थोडी निराशा होती, ती मी लपवीत नाहीं. मागील सोप्याचें अर्धें छप्पर ह्या उन्हाळ्यांत दोघां भावांच्या पुंजींतून झालें. पुतण्यानेंही हातभार लाविला. उरलेलें अर्धें पुढील मृगापूर्वीं करावयाचें आहे.

शाळेंतही मी एकदां जाऊन आलों. हल्लींच्या मुख्याध्यापकांनीं दहावीच्या वर्गावर एक तास दिला. "तीस वर्षें मी ह्या चित्राबद्दल चुकीचें सांगत आलों," एवढें वाक्य फळ्यापाशीं उभें राहून बोलावयास मला जड गेलें. परंतु त्यानंतर त्या तासास मुलांनीं जितके प्रश्न विचारले, तितके त्या चित्राविषयीं पूर्वीं कधींच विचारले नव्हते.

चित्र माजघरांतच आहे. मात्र ठिबकणाऱ्या कोपऱ्यापासून दूर, आंतल्या कोरड्या भिंतीवर, उजेड बेताचा लागेल असें हलविलें आहे. नवी चौकट करवितांना कडा उघड्या ठेविल्या आहेत, म्हणजे दोन्ही शिक्के दिसावेत. खालीं वहिनींच्या सांगण्यावरून मीं स्वहस्तें लहानशी चिठ्ठी लाविली आहे: 'दुसरा हिरोशिगे, इ. स. १८५९. भाऊबीज, मामांकडून.'